मोडलेल्या अक्षरांची वहिवाट

बीजगणिताच्या वर्गात ‘आयडियल’ ही संकल्पना शिकविण्यास आरंभ करताना आमच्या प्राध्यापकांनी, कसलीही प्रस्तावना न करता, फळ्यावर असे एक अक्षर रेखाटले की, वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांनी ते आपापल्या वहीत चाळीस तऱ्हांनी उतरवून घेतले. कोणास तो शेपूट फुटलेला इंग्रजी ‘पी’ वाटला, कोणास ‘वाय’. माझ्या शेजारी बसणाऱ्या सोलापूरच्या एका मित्राने तर ते मोडीतले एखादे अक्षर असावे अशा समजुतीने त्यावर शिरोरेघसुद्धा ओढून दिली. तास संपल्यावर धीर करून मी टेबलाजवळ गेलो आणि विचारले, “सर, ते अक्षर कोणते?” खडूची भुकटी झाडत ते म्हणाले, “जर्मन पी. आमचे सर असाच काढत, म्हणून मी असाच काढतो. तुम्हीही काढा.” त्या वेळी हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले. पुढे या अक्षरांचा पूर्वेतिहास जसजसा वाचनात आला, तसतसे ध्यानात आले की, सरांनी त्या दोन-तीन वाक्यांत जे सांगितले त्याहून अधिक नेमके असे त्या अक्षराविषयी फारसे सांगता येण्याजोगे नाही. ज्या मुलखात ही अक्षरे जन्मली, त्या मुलखाने त्यांना घराबाहेर काढले. परंतु गणिताच्या पेशात त्यांची जी वहिवाट पडून गेली होती, ती कोणाच्या फर्मानाने मोडली नाही.

ज्याला सामान्यतः गॉथिक म्हणतात ते अक्षरवळण इसवी सनाच्या बाराव्या शतकात उत्तर फ्रान्स व त्यालगतच्या प्रदेशांत रूढ झाले. त्यापूर्वी शार्लमेनच्या काळापासून चालत आलेले वळण गोलसर, ऐसपैस व मोकळे होते. पण विद्यापीठे वाढली, ग्रंथांची मागणी वाढली, आणि चर्मपत्र तर पूर्वीइतकेच महाग राहिले, तेव्हा लेखनिकांनी अक्षरे उभट, चिंचोळी व एकमेकांस खेटून लिहिण्यास प्रारंभ केला. रुंद टाकाने वाटोळी रेघ काढण्याऐवजी ती दोन-तीन ठिकाणी थांबवून, कोन देऊन, तुकड्यातुकड्यांनी पुरी करावयाची, असा या वळणाचा मुख्य धर्म. शाईने भरलेल्या अशा पानाकडे दुरून पाहिले तर ते विणलेल्या कापडासारखे दिसते, आणि म्हणूनच याच्या सर्वांत करड्या प्रकारास ‘टेक्स्टुरा’, म्हणजे विणीचे वळण, असे नाव मिळाले. त्यातील अडचण समजण्यासाठी लॅटिनमधील ‘मिनिमुम’ हा एकच शब्द पुरेसा आहे: या वळणात तो लिहिला असता पंधरा सारख्या उभ्या दांड्यांचे कुंपण तेवढे दिसते, आणि त्यात एम कोठे संपला व आय कोठे सुरू झाला हे वाचकाने अनुमानाने ठरवावयाचे असते. मायन्झ येथे १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने बेचाळीस ओळींचे बायबल छापले, ते याच वळणाचे खिळे पाडून. कारण हस्तलिखितास सरावलेल्या गिऱ्हाइकाला छापील ग्रंथ हस्तलिखितासारखाच दिसला पाहिजे, हे तो पुरते जाणून होता. इटलीतील नवविद्येच्या पंडितांना मात्र हे सारे रानटी वाटे. रोमचा विध्वंस करणाऱ्या गॉथ टोळ्यांचे नाव त्यांनी हेटाळणीने अशा कलेला दिले, आणि हेटाळणीची नावे बहुधा टिकतात तसे तेही टिकले.

त्यातून पुढे निघालेले ‘फ्राक्टुर’ हे वळण मात्र राजदरबारी वाढले. सम्राट पहिला माक्सिमिलियन याला आपल्या नावाचा व कुळाचा महिमा ग्रंथरूपाने मागे ठेवण्याची मोठी हौस होती, आणि त्यासाठी आपल्या चॅन्सेलरीतील लेखनिकांच्या हस्ताक्षरावरून त्याने खास खिळे करवून घेतले. १५१३ मध्ये आउग्सबुर्गचा मुद्रक योहान श्योनस्पेर्गर याने त्याच्यासाठी प्रार्थनापुस्तक छापले, आणि १५१७ मध्ये न्यूर्नबेर्ग येथे त्याच मुद्रकाच्या हातून ‘थॉयरडांक’ हे सम्राटाच्या वधूयात्रेचे रूपकात्मक काव्य बाहेर पडले. यातील मोठ्या अक्षरांच्या आरंभी एक लपेटदार रेघ सुरू होते, ती वर चढते, वळते आणि झुलत खाली येते. जर्मन लोक तिला ‘हत्तीची सोंड’ म्हणतात, आणि ज्याने एकदा हे नाव ऐकले त्याला ते अक्षर पुन्हा दुसऱ्या कशासारखे दिसतच नाही. ‘फ्राक्टुर’ या शब्दाचा लॅटिन मुळाशी जाणारा अर्थ ‘मोडलेले’ असा आहे. मराठी वाचकाला येथे आपल्या मोडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोडी या नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद असले, तरी मोडून लिहितात ती मोडी ही समजूत आपल्याकडे रूढ आहेच. मात्र दोन्हींचे मोडणे परस्परविरुद्ध जातीचे आहे. मोडीचा कारकून हात न उचलता धावतो आणि त्या धावपळीत बालबोध अक्षराचा आकार मोडतो. फ्राक्टुरचा लेखनिक पावलोपावली थांबतो आणि त्या थांबण्याने रेघ मोडते. एकीत घाई आहे, दुसरीत सोहळा.

सोळाव्या शतकापासून जर्मन भाषेच्या मुद्रणात असा एक शिरस्ता पडला की, जर्मन मजकूर मोडक्या वळणात छापावा आणि त्यात मध्येच येणारे लॅटिन किंवा फ्रेंच शब्द ‘अँटिक्वा’ म्हणजे आज आपण ज्याला साधे रोमन वळण म्हणतो त्यात छापावेत. एकाच ओळीत दोन वळणे नांदत आणि वाचकाला त्यात वावगे वाटत नसे. परिणामी कोणत्याही बऱ्यापैकी जर्मन छापखान्यात दोन्ही जातींच्या खिळ्यांच्या केसी हाताशी असत, आणि जुळारी एकीतून दुसरीकडे सहज वळे. एकोणिसाव्या शतकात शास्त्रीय ग्रंथांचे मुद्रण बहुतांशी रोमन वळणाकडे झुकले, कारण त्या ग्रंथांचा वाचक पॅरिसमध्ये व लंडनमध्येही होता. आणि जो गणिताचा ग्रंथ रोमन वळणात छापला जात होता त्याच्या दृष्टीने शेजारची ती दुसरी केस रिकामी, बिनकामाची, परंतु कोणत्याही क्षणी उपयोगी पडण्याजोगी अशी पडून होती. गणितज्ञाला खिळ्यांची किती निकड असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढे काय झाले असेल हे सांगावयास नको.

ही निकड आजची नव्हे. आपल्या भास्कराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा. त्यात, त्याआधीच्या परंपरेस अनुसरून, पहिल्या अव्यक्त राशीस ‘यावत्तावत्’ म्हटले आहे आणि पुढच्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देऊन त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी, लो ही लेखनात योजली आहेत. संस्कृतात ‘वर्ण’ या शब्दाचा अर्थ रंगही होतो आणि अक्षरही होतो, त्यामुळे ही योजना नुसती सोयीची न राहता भाषेच्या अंगभूत अशी वाटते. आपल्यापुढे दोन-चार अव्यक्ते असली तर ही पाच नावे पुरतात. परंतु जेथे एकाच पानावर संख्या, संख्यांचे समूह, समूहांचे समूह आणि त्या सर्वांवर चालणाऱ्या क्रिया यांचा वावर असतो, तेथे नावे पुरत नाहीत, आणि पुरली तरी कोणते नाव कोणत्या पायरीवरील वस्तूचे आहे हे नजरेस ताबडतोब कळले नाही तर वाचकाची वाट चुकते. लॅटिन अक्षरे झाली, ग्रीक झाली, पुढे काय?

रिखार्ड डेडेकिंड याने १८७१ मध्ये, आपला गुरू व मित्र डिरिख्ले याच्या संख्याशास्त्रावरील व्याख्यानांच्या दुसऱ्या आवृत्तीस जोडलेल्या पुरवणीत, या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणजे उत्तर देण्याचा त्याचा हेतू होता असे नव्हे, त्याच्यापुढे दुसरीच अडचण होती. साध्या पूर्णांकांच्या राज्यात कोणतीही संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच तऱ्हेने फुटते, सहा म्हणजे दोन गुणिले तीन, याहून वेगळे काही नाही. परंतु वजा पाचाचे वर्गमूळ ज्यात सामील करून घेतले आहे अशा संख्यांच्या राज्यात गेले की, हाच सहा दोन गुणिले तीन असाही फुटतो आणि ‘एक अधिक ते वर्गमूळ’ गुणिले ‘एक वजा ते वर्गमूळ’ असाही फुटतो, आणि या चारही अवयवांना त्याहून बारीक फोडता येत नाही. हिशेबाच्या पायालाच असा तडा गेला म्हणजे पुढची इमारत उभी राहात नाही. एर्न्स्ट कुमर याने त्याआधी ‘आदर्श संख्या’ कल्पून तो तडा बुजविला होता, पण त्या संख्या कोठे असतात हे कोणास दाखविता येत नव्हते. डेडेकिंडने म्हटले की, अदृश्य संख्या कल्पिण्याऐवजी ती संख्या ज्यांना भागील अशा सर्व दृश्य संख्यांचा समूहच एक वस्तू म्हणून हाती घ्यावा. या समूहांचे गुणाकार करता येतात, आणि ते मात्र एकाच तऱ्हेने फुटतात. हेच ते ‘आयडियल’. आता समूह आणि संख्या यांचे व्यवहार एकाच पानावर, एकाच समीकरणात चालावयाचे असल्यामुळे त्याने साध्या संख्यांना लॅटिन अक्षरे दिली, नव्या संख्यांना ग्रीक दिली, आणि समूहांसाठी शेजारच्या केसेतील जर्मन अक्षरे उचलली. मूळ आयडियलास ‘पी’, इतरांस ‘ए’, ‘बी’. माझ्या सरांच्या फळ्यावरचा पी थेट या पुरवणीतून निघालेला होता. डेविड हिल्बर्टने १८९७ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात हीच पद्धत चालविली, एमी नोएटरने १९२१ च्या लेखात ती अमूर्त बीजगणितात नेली, व्हान डेर वार्डन याच्या १९३० च्या पाठ्यपुस्तकाने ती जगभर पोचविली, आणि अशा रीतीने छापखान्यातील एका सोयीला शास्त्रातील सनद मिळाली.

एकदा हे दार उघडल्यावर त्यातून पुष्कळजण आत शिरले. गॉटलोब फ्रेगे याने १८७९ च्या आपल्या तर्कलिपीत ‘प्रत्येक’ या कल्पनेने बांधल्या गेलेल्या चलांस जर्मन अक्षरे ठेवली. गेओर्ग कांटोर याने अनंत समूहांच्या मोठेपणाची मापे याच अक्षरांनी लिहिली, व त्यांतील काही मापांसाठी पुढे हिब्रू आलेफही आणले. रेषेवरील बिंदूंच्या अनंतत्वास आज जगभर जर्मन ‘सी’नेच ओळखतात. संमिश्र संख्येच्या वास्तव भागास जर्मन ‘आर’ आणि काल्पनिक भागास जर्मन ‘आय’ हा संकेत तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला.

परंतु या अक्षरांची सर्वांत गमतीची कथा जर्मनीबाहेर, इंग्लंडात घडली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याचा विद्युत् व चुंबकत्व यांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १८७३ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन छापखान्यातून प्रसिद्ध झाला. दिशा व परिमाण ही दोन्ही ज्यांना असतात अशा राशी, ज्यांना आपण सदिश म्हणतो, त्या साध्या राशींपासून वेगळ्या दिसाव्यात म्हणून मॅक्सवेलने त्यांना मोठी जर्मन अक्षरे दिली, आणि देताना फारसा विचार न करता सरळ वर्णमालेच्या क्रमाने दिली. ए म्हणजे आज ज्याला सदिश विभव म्हणतात तो, बी म्हणजे चुंबकीय प्रवर्तन, सी एकूण विद्युत्प्रवाह, डी विस्थापन, ई विद्युत्प्रेरणा, एफ यांत्रिक बल, जी बिंदूचा वेग, एच चुंबकीय बल, आय चुंबकनाची तीव्रता, आणि के वहनाचा प्रवाह. यात ‘जे’ नाही, कारण या वळणात आय आणि जे यांचे मोठे रूप एकच असते. बारावीच्या पुस्तकात चुंबकीय क्षेत्राला ‘बी’च का म्हणतात असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला, ते अमुक शब्दाचे आद्याक्षर आहे असे काहीतरी बनवून सांगण्यात येते, खरे उत्तर एवढेच की, मॅक्सवेलच्या यादीत तो दुसरा होता.

इंग्रज वाचक या अक्षरांवर रागावले. ऑलिव्हर हेविसाइड हा तारायंत्राच्या नोकरीतून शास्त्राकडे आलेला, विक्षिप्त आणि तिखट लेखणीचा मनुष्य. त्याने आपल्या ग्रंथात लिहिले की, मॅक्सवेलची ही निवड दुर्दैवी असून वाचकाचे मन सदिशगणिताविषयी कलुषित करण्यास तेवढी एकच गोष्ट पुरेशी आहे. त्याने त्यांच्या जागी ‘क्लॅरेंडन’ नावाचे जाड ठशाचे सरळ वळण आणले, आणि सदिश जाड अक्षरात छापण्याची जी रीत आज सर्वत्र आहे तिचा उगम तेथे आहे. तक्रार अगदी गैरवाजवी नव्हती. या वळणातील मोठे ‘बी’ आणि ‘व्ही’, ‘आर’ आणि ‘के’ हे शेजारी ठेवले असता जन्माने जर्मन असलेल्या वाचकालाही भिंग घ्यावेसे वाटते. हेविसाइडने वळण बदलले, पण अक्षरे बदलली नाहीत. त्यामुळे सोंडा गेल्या आणि क्रम राहिला. जर्मन पदार्थविज्ञानाने मात्र जुनी रीत पुढेही दीर्घकाळ सांभाळली, इतकी की हेर्मान वाइलने सापेक्षतेवरील आपल्या १९१८ च्या ग्रंथातही एका विशिष्ट जातीच्या राशींसाठी हीच अक्षरे राखून ठेवली.

इकडे गणितज्ञ या अक्षरांना काम देत होते, आणि तिकडे त्यांच्या मायदेशी ती राजकारणात ओढली जात होती. शाळेतील मुलांनी जर्मन वळण शिकावे की रोमन, हा वाद १९११ मध्ये बर्लिनच्या राइश्टागमध्ये गेला. रोमन वळणाच्या बाजूचा ठराव ८२ विरुद्ध ८५ मतांनी, म्हणजे अवघ्या तीन मतांच्या फरकाने, फेटाळला गेला. एका पक्षाला हे वळण जर्मन आत्म्याचे दर्शन वाटे, दुसऱ्याला ते मुलांच्या डोळ्यांना व देशाच्या व्यापाराला अपाय करणारे ओझे वाटे. नाझी अंमल सुरू झाल्यावर पहिल्या पक्षाची सरशी झाली असे सर्वांना वाटले, आणि काही वर्षे तसे दिसलेही. परंतु ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाचा पुढारी मार्टिन बोरमान याच्या सहीने एक परिपत्रक निघाले: तथाकथित गॉथिक वळण जर्मन आहे हा समज चुकीचा असून ती वास्तविक ‘श्वाबाखर ज्यू अक्षरे’ आहेत, सबब यापुढे रोमन हेच सर्वसाधारण वळण समजले जावे. हे विधान निखालस खोटे होते. त्याचे खरे कारण, जिंकलेल्या मुलखांतील लोकांना या वळणातील हुकूम वाचता येत नव्हते हे असावे, असे इतिहासकार मानतात. हे परिपत्रक ज्या कागदावर टंकलिखित झाले, त्याच्या माथ्यावरचे पक्षाचे नाव मात्र त्याच गॉथिक अक्षरांत छापलेले होते. चारशे वर्षांची लिपी अशा रीतीने एका चिठोऱ्याने बडतर्फ झाली.

त्याच वर्षांत अमेरिकेतील फळ्यांवर काय चालले होते हे पाहण्यासारखे आहे. एमी नोएटर हिला ज्यू म्हणून १९३३ मध्ये ग्योटिंगेनमधून काढून टाकण्यात आले आणि ती ब्रिन मॉर येथे गेली. दोनच वर्षांत तिचे निधन झाले. हेर्मान वाइल, ज्याची पत्नी ज्यू वंशाची होती, प्रिन्स्टनला गेला. त्यांच्या मागे-पुढे गेलेल्या अनेकांबरोबर त्यांच्या वह्या गेल्या, आणि वह्यांबरोबर आयडियलांची व समूहांची ती जर्मन अक्षरेही गेली. व्हान डेर वार्डनचे जर्मन पुस्तक युद्धकाळात, १९४३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये जसेच्या तसे पुन्हा छापले गेले. ज्या राजवटीने या अक्षरांना ज्यू ठरवून घालविले, तिनेच घालविलेली माणसे परक्या देशांतील मुलांना हीच अक्षरे गिरवावयास लावत होती. बोरमानला हे ठाऊक असण्याचा संभव नाही, आणि ठाऊक असते तरी त्यातील विनोद त्याला कळला असता असे वाटत नाही.

युद्धानंतर फ्रान्समध्ये ‘बुर्बाकी’ या सामायिक नावाने लिहिणाऱ्या गणितज्ञांनी ही अक्षरे आपल्या ग्रंथमालेत मोकळ्या हाताने वापरली. तर्कशास्त्रज्ञांनी आपल्या रचनांना ती दिली. आणि ली या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटांच्या उपपत्तीत असा एक सुटसुटीत संकेत स्थिर झाला की, गटास मोठे लॅटिन अक्षर द्यावे आणि त्याच्या पोटी जन्मणाऱ्या बीजगणितास तेच अक्षर लहान जर्मन वळणात द्यावे, म्हणजे बापलेकांचे नाते न सांगता कळते. अडचण होती ती छापखान्याची. जर्मनीबाहेरच्या जुळाऱ्याकडे हे खिळे असत, पण त्याला ती अक्षरे ओळखू येत नसत. टंकलेखन यंत्रावर तर ती नव्हतीच, तेव्हा लेखकाने जागा मोकळी सोडून हाताने ती भरावयाची आणि छापणाऱ्यास समजावे म्हणून ग्रीक अक्षरांभोवती एका रंगाच्या पेन्सिलीने, जर्मन अक्षरांभोवती दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने खुणा करावयाच्या. भास्कराचार्यांचे कालक-नीलक आठशे वर्षांनी असे पुन्हा अवतरले.

ही पेन्सिल संगणकाने हातातून काढून घेतली. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नुथ यांनी, आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून आलेल्या विषादातून, १९७७ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास घेतली, आणि पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने हेर्मान त्साफ या जर्मन अक्षरकारास गणितासाठी एक नवे वळण आखण्यास सांगितले. ऑयलरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वळणात, फळ्यावर सुरेख अक्षर काढणाऱ्या गणितज्ञाच्या हाताचा भास व्हावा, अशी कल्पना होती. त्यातील शून्याला माथ्यावर किंचित टोक आहे, जसे हाताने काढलेल्या शून्याला येते. त्याच संचात एक फ्राक्टुरही आहे. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्साफ यांनी तारुण्यात, १९३८ च्या सुमारास, केलेले पहिले मुद्रावळणही एक फ्राक्टुरच होते, ‘गिल्गेनगार्ट’ नावाचे, आणि तीन वर्षांत त्याच्या पायाखालची जमीन सरकारी हुकुमाने काढून घेतली होती. चार दशकांनी त्यांना तेच अक्षर पुन्हा आखावयाचे होते, पण आता जर्मन वाचकासाठी नव्हे. त्यांनी सोंडा आखूड केल्या, केसासारख्या बारीक रेघा वगळल्या, आणि आर व के यांच्यात माणसाला फरक कळेल एवढे अंतर ठेवले. हेविसाइड हयात असता तर त्याने कदाचित तक्रार मागे घेतली असती.

येथवर ही अक्षरे एक वळण होती. संगणकाच्या दफ्तरात त्यांची स्वतंत्र वर्ण म्हणून नोंद झाली ती मार्च २००१ मध्ये, युनिकोडच्या ३.१ या आवृत्तीत. युनिकोडचा मूळ नियम असा की, अक्षर एकदाच नोंदवावे; ते जाड छापावे की तिरपे, साधे की नक्षीदार, हा छापणाऱ्याचा प्रश्न. या नियमाने जर्मन ए आणि रोमन ए हे एकच अक्षर ठरते, आणि जर्मन मजकुरापुरते ते खरेही आहे. पण गणिती मंडळींनी असा दावा मांडला की, त्यांच्या लेखनात वळण हाच अर्थ असतो. पदार्थविज्ञानाच्या एका समीकरणात लपेटदार ‘एच’ म्हणजे एकूण ऊर्जा आणि साधा ‘एच’ म्हणजे चुंबकीय क्षेत्र; वळण पुसून टाकले तर डावी बाजू उजव्या बाजूतच मिसळून समीकरणाचा अनर्थ होईल. हा युक्तिवाद मान्य झाला आणि १०२४ घरांची एक स्वतंत्र आळी गणिताच्या अक्षरांना मिळाली. त्यांपैकी ९९६ घरे आज भरलेली आहेत. त्यात फ्राक्टुरची साधी व जाड अशी दोन्ही कुळे आहेत. तुलनेसाठी पाहा, आपल्या मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले ते एक संपूर्ण लिपी म्हणून. फ्राक्टुरला तसे स्थान नाही. जर्मन भाषेची चारशे वर्षांची सेवा दफ्तरात धरली गेली नाही, गणिताची सव्वाशे वर्षांची नोकरी धरली गेली.

या दफ्तराचा स्वभावही सांगितला पाहिजे. तेथे एकदा दिलेले नाव बदलत नाही. वायरश्ट्रास याच्या फलनाचे जे चिन्ह आहे ते जर्मन हस्ताक्षराच्या धर्तीवरील लहान पी आहे, पण पूर्वी केव्हा तरी त्याची नोंद ‘मोठा पी’ अशी झाली. चूक उघडकीस आली, तळटीप पडली, एक अधिकृत उपनावही देण्यात आले. मूळ नाव मात्र चुकीचे आहे ते आहेच. ज्याने आपल्याकडील सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करण्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

अक्षरे स्वतंत्र झाली आणि ती गणितज्ञांच्या हाती राहिली नाहीत. भ्रमणध्वनीवर आपले नाव चारचौघांहून वेगळे दिसावे अशी इच्छा असणाऱ्या तरुणांना कोणी तरी दाखवून दिले की, ही अक्षरे कोठेही चिकटवता येतात, आणि आज पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांतील मुलांची रोमन लिपीत लिहिलेली नावे माक्सिमिलियनच्या दरबारी थाटात मिरवताना दिसतात. देवनागरीला असा गणिती संच नसल्यामुळे ही हौस रोमन अक्षरांतच भागवावी लागते. हौसेला माझा विरोध नाही. सम्राटालाही हौसच होती. पण एक गोष्ट मी स्वतः ऐकली आहे ती सांगतो. माझे एक अंध स्नेही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली वापरतात. एका मुलाने त्यांना निरोप पाठविला, खाली ‘सागर’ असे आपले नाव जाड फ्राक्टुरमध्ये लिहिले. यंत्र बोलू लागले: “मॅथेमॅटिकल बोल्ड फ्राक्टुर कॅपिटल एस, मॅथेमॅटिकल बोल्ड फ्राक्टुर स्मॉल ए, मॅथेमॅटिकल बोल्ड फ्राक्टुर स्मॉल जी...” पाचव्या अक्षरापर्यंत पोचेतो स्नेह्यांनी यंत्र बंद केले आणि मला विचारले, “हे गणित कोणी पाठवले?” यंत्राचे काही चुकले नव्हते. दफ्तरात जे लिहिले होते तेच त्याने वाचले. तेव्हा नाव लिहिताना साधी अक्षरे वापरावीत, अशी या मुलांना माझी विनंती आहे. नटविण्यास चित्रे पुष्कळ आहेत.

ज्यांना ही अक्षरे गणितासाठीच हवी असतील त्यांनाही जाता जाता एक सूचना. संगणकाच्या त्या आळीत साध्या मोठ्या फ्राक्टुर अक्षरांची रांग १२००६८ क्रमांकाच्या घरापासून सुरू होते, पण सव्वीस घरांपैकी पाच रिकामी आहेत. सी, एच, आय, आर आणि झेड ही ती पाच. आर वास्तव भागासाठी, आय काल्पनिक भागासाठी, एच हिल्बर्टच्या अवकाशासाठी कामाला लागलेले असल्याने त्यांची नोंद आळी बसण्याच्या आधीच दुसरीकडे होऊन गेली होती, सी आणि झेड त्यांच्याबरोबरच होते, आणि एका अक्षराला दोन घरे देण्याची रीत नसल्यामुळे नव्या आळीतील त्यांच्या जागा तशाच मोकळ्या ठेवण्यात आल्या. तेव्हा मॅक्सवेलच्या विद्युत्प्रवाहाचा मोठा सी शोधत कोणी १२००७० व्या घरी गेले तर तेथे कोणी भेटणार नाही. तो पूर्वीपासून ८४९३ मध्ये राहतो.